किल्ली ‘बंद’वर, इंजिन चालू

मे महिन्याच्या सुट्टीत बडोद्याला आजोबांकडे गेलो की माझी पहिली सकाळ जीपच्या शेडमध्ये जाते. आजोबा ई.एम.ई.मधून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची पोस्टिंग बडोद्याच्या ई.एम.ई. स्कूलमध्ये होती, निवृत्तीनंतर ते तिथेच राहिले. त्यांच्याकडे १९४४ ची विलिज जीप आहे. युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये निघालेली आणि तीन-चार मालक करून त्यांच्याकडे आलेली.

यंदाच्या सुट्टीतली गोष्ट. आदल्या संध्याकाळी आम्ही इंजिनाचे टायमिंग थोडे पुढे घेतले होते. गाडी शेडमध्ये घेताना क्लच सुटला आणि ती गिअरमध्येच धक्का खाऊन बंद पडली. आजोबांनी किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली. सकाळी थंड इंजिनाला हाताने दोन-चार फेरे द्यायची त्यांची सवय आहे, म्हणजे सुरू करण्याआधी ऑईल सगळीकडे पोचते. त्यांनी पुढून हँडल घातले आणि अर्धा फेरा ओढला. इंजिन फाडकन पेटले आणि हँडल उलटे फिरले.

त्यांचे मनगट मोडले नाही, कारण त्यांचा अंगठा बोटांच्याच बाजूला होता. हँडल मारताना मूठ आवळायची नाही, अंगठा पलीकडून घालायचा नाही आणि हँडल नेहमी वर ओढायचे, खाली दाबायचे नाही, हे त्यांना रिक्रूट असताना शिकवले होते. हँडल उलटे आले तेव्हा ते उघड्या हातातून निसटले आणि जाताना मनगटाला चाटून गेले. काळानिळा डाग पंधरा दिवस राहिला. आजी काय काय बोलली ते इथे लिहीत नाही.

पण किल्ली आजोबांच्या खिशात असताना ठिणगी आली कुठून? या एका प्रश्नात आमचे पुढचे चार दिवस गेले.

मित्रांनो, आपण ज्याला ‘इग्निशन लॉक’ म्हणतो त्या एका नगात दोन वेगळ्या वस्तू असतात. पुढे कुलूप आणि मागे विजेचा स्विच. किल्ली कुलूप फिरवते, कुलपाची मागची जिभली स्विचच्या खाचेत बसलेली असते आणि ती स्विच फिरवते. इंजिनाला कुलपाशी काही देणेघेणे नाही, त्याला फक्त स्विच कळतो. जिभली आणि खाच झिजली, की किल्ली पूर्ण ‘बंद’वर येते आणि मागचा स्विच मात्र तिच्या थोडा मागे, अजून टेकलेलाच राहतो. किल्ली एक सांगते आणि स्विच दुसरेच करतो. आमच्या जीपमध्ये नेमके हेच झाले होते. रोज किल्ली फिरवली की इंजिन थांबायचे, म्हणून कोणाला शंका आली नाही. त्या संध्याकाळी इंजिन आधीच बंद पडले होते, त्यामुळे किल्लीने खरोखर काही बंद केले की नाही हे कळायला मार्गच नव्हता.

मग रात्रभरात बॅटरी का उतरली नाही? याचे उत्तर डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमध्ये आहे. इग्निशन चालू असताना करंट बॅटरीतून कॉइलमध्ये आणि कॉइलमधून पॉइंटवाटे जमिनीला जातो. इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले, तर करंट वाहतच राहतो. आमची जीप आधीच्या मालकाने ६ व्होल्टची १२ व्होल्ट केली आहे आणि कॉइलचा रोध सुमारे ३ ओहम आहे. ओहमच्या नियमाने १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. एवढ्याशा डब्यात ४८ वॅट उष्णता, तीही पंखा किंवा वारा नसताना. दहा तासांत ४० अँपिअर-तास जातात. सकाळी बॅटरी झोपलेली आणि कॉइल भाजलेली मिळते. आमचे पॉइंट योगायोगाने उघडे थांबले होते. त्यामुळे बॅटरी वाचली, आणि त्यामुळेच आजोबांना सावध करायला काही उरले नाही. अँमीटरचा काटा शून्यावर होता. पेट्रोलचा काटा चालत असता तर तो उचललेला दिसला असता, पण तो माझ्या आठवणीत कधी चाललेला नाही. आजोबा सीटखालच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल मोजतात.

आता थोडे कुलपाबद्दल, कारण झीज कुठे होते ते इथे कळते. कुलपाच्या आत फिरणारा एक गोल दांडा असतो, त्याला बॅरल म्हणतात. बॅरलमध्ये पितळेच्या पातळ चकत्या आडव्या बसवलेल्या असतात. प्रत्येक चकतीला चौकोनी खिडकी असते आणि बाजूला बारीक स्प्रिंग. किल्ली नसताना स्प्रिंग चकत्यांना बाहेर ढकलते, त्यांच्या कडा बाहेरच्या नळीतल्या खाचेत अडकतात आणि बॅरल फिरत नाही. योग्य किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक चकतीला नेमक्या उंचीवर आणतात. सगळ्या चकत्या बॅरलच्या पृष्ठभागाशी सपाट झाल्या की ते फिरते.

‘चालू’वर असताना किल्ली का निघत नाही? किल्ली ओढताना तिचे उंचवटे चकत्यांना वर-खाली हलवत बाहेर येतात. ‘बंद’वर समोर खाच असते म्हणून चकत्यांना हलायला जागा मिळते. ‘चालू’वर समोर नळीची सलग भिंत असते, चकत्या हलू शकत नाहीत आणि किल्ली धरून ठेवतात. वर्षानुवर्षे घासून किल्लीचे उंचवटे आणि खिडक्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या, की चकत्या हलल्या नाहीत तरी किल्ली सरकून बाहेर येते. आमची किल्ली कुठेही निघायची. घरात सगळे त्याला जीपचा गुण समजत. पाहुण्यांना गाडी चालू असताना किल्ली काढून दाखवायची आणि त्यांनी ‘अरे वा’ म्हणायचे, असा कार्यक्रमच होता. मी स्वतः तो शाळेतल्या दोन मित्रांना करून दाखवला आहे. खरे तर तो पहिला इशारा होता.

असे झाले की बहुतेक लोक किल्लीवाल्याकडे जाऊन नवी किल्ली करून घेतात. किल्लीवाला समोरच्या किल्लीची नक्कल करतो. मूळ किल्ली पाव मिलिमीटर झिजली असेल, तर नवी किल्ली जन्मतःच पाव मिलिमीटर झिजलेली असते, आणि कानशीची चूक वर. म्हणून नक्कल करायची ती कमी वापरलेल्या जादा किल्लीची, किंवा कुलपावर अथवा किल्लीवर कोरलेला क्रमांक मिळाला तर त्या क्रमांकावरून. आमची जादा किल्ली ट्रंकेत सुतळीला बांधलेली सापडली. ती घातली तर ‘चालू’वर निघेना! म्हणजे चकत्या बऱ्यापैकी शाबूत होत्या, झिजली होती ती रोजची किल्ली. मी म्हटले, “चला आजोबा, झालं काम.” ते म्हणाले, “कुलपाचं झालं. मला मारलं ते स्विचने.”

पुढे त्यांनी जे केले ते क्रमाने सांगतो.

आधी बॅटरीची तार काढली, आणि तीही बॉडीला जाणारी. आमच्या जीपमध्ये ऋण टोक बॉडीला आहे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक असते, म्हणून रंगावर विसंबू नका, तार कुठे जाते ते पाहा. बॉडीची तार आधी का? दुसरी तार आधी सोडायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला लागला, तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. बॉडीची तार सोडताना पाना बॉडीला लागला तर काहीच होत नाही. ती एकदा सुटली, की मग काहीही कशालाही लागो.

मग स्विचला लागलेल्या वायरी. माझ्याकडून त्यांनी कागदावर चित्र काढून घेतले, वायरींना चिकटपट्टीचे झेंडे लावले आणि त्यावर अंक घातले. मी मोबाईलवर फोटो काढतो म्हटले तर म्हणाले, फोटो काढ, पण चित्रही काढ. चित्र काढताना वायर कुठून कुठे जाते ते बघावे लागते. विलिजमध्ये हा भाग फार सोपा आहे. बॅटरीचा करंट अँमीटरमधून स्विचच्या एका टोकाला येतो आणि दुसऱ्या टोकावरून कॉइलकडे जातो. सेल्फचा मोठा करंट, जो शेकड्यांत असतो, स्विचमध्ये येतच नाही. तो जाड तारेने पायाखालच्या बटणातून थेट स्टार्टरला जातो. किल्ली पुढे फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय क्रायसलरने १९४९ मध्ये आणली. त्याआधीच्या गाड्यांत किल्ली फक्त परवानगी देते, सुरू करणारे बटण वेगळे. जुन्या गाडीसाठी स्विच घेताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

स्विच डॅशबोर्डला पुढून एका गोल नटाने धरलेला असतो. त्या नटाला पकड लावली तर कायमचे ओरखडे उठतात. आजोबांनी जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा गुंडाळून तो हाताने सोडवला. स्विच मागून निघाला. मग मल्टिमीटर ओहमवर लावून दोन्ही टोकांना धरला. किल्ली ‘चालू’ला: रोध जवळजवळ शून्य. किल्ली ‘बंद’ला: अनंत. पुन्हा चालू, पुन्हा बंद: अनंत. मला वाटले, दोष सापडणार नाही. आजोबांनी किल्ली अगदी सावकाश फिरवली, म्हातारा माणूस दमून फिरवेल तशी, आणि ‘बंद’वर आणून सोडली. काटा शून्यावरच! वर टिचकी मारली, काटा उडाला. मी झटक्याने फिरवत होतो म्हणून माझ्या हातात तो दर वेळी पास होत होता.

बॅरल काढायची युक्ती बहुतेक जुन्या कुलपांना चालते. किल्ली घालून बॅरल ठरावीक जागी फिरवायचे, नळीवरच्या बारीक भोकातून सायकलच्या आऱ्याचा तुकडा आत घालून खिटी दाबायची आणि किल्लीसकट बॅरल ओढायचे. हे काम मोठ्या थाळीत पांढरे फडके पसरून करा. स्प्रिंग केसाएवढ्या असतात आणि त्या उडतातच. आमची एक उडाली ती दुसऱ्या दिवशी आजीच्या केरसुणीत मिळाली. जिभली हातात आली तेव्हा दोष डोळ्यांनी दिसला. चौकोनी असायची ती जवळजवळ लंबगोल झाली होती, आणि समोरची खाच तोंडाशी रुंद झाली होती. दोघांत मिळून किल्लीला आठव्या भागाच्या फेऱ्याएवढा रिकामा खेळ होता.

आत साबणासारखे काळे चिकट किटण होते. कोणीतरी वर्षानुवर्षे कुलपात इंजिन ऑईल घातले होते. तेल धूळ धरते आणि धूळ व तेल मिळून पॉलिश पेपरचे काम करतात. कुलपात घालायचे ते ग्राफाइट. पेन्सिलीचे शिसे कानशीवर घासून निघालेली पूडही चालते.

दुरुस्ती की नवा? जिभलीवर पितळ चढवून ती घासून चौकोनी करता आली असती, पण स्विचच्या आतल्या पट्ट्याही जळून खड्डे पडलेल्या होत्या. नवा घ्यायचा ठरले. आणि इथे एक वाद उभा राहिला, कारण हा किल्लीचा स्विच मुळात या जीपचा नव्हताच.

युद्धाच्या सुरुवातीच्या जीपना किल्ली होती. पण अमेरिकन लष्करी गाड्यांना सर्रास एकच किल्ली चालायची, एच-७०० क्रमांकाची. एका गाडीची किल्ली दुसरीला लागते म्हणजे चोरीला अडसर असा नव्हताच, आणि किल्ली हरवली तर मात्र ऐन वेळी चांगली गाडी उभी. पुढे लष्कराने किल्लीच काढून टाकली आणि तिथे फिरवायची छोटी दांडी बसवली. मग गाडी पळवण्यापासून वाचवायची कशी? सैनिक डिस्ट्रिब्युटरचा रोटर काढून खिशात ठेवत, किंवा स्टिअरिंगला साखळी घालत. ब्रिटनमध्ये १९४० साली जर्मन आक्रमणाच्या भीतीने सामान्य नागरिकांनाही गाडी सोडून जाताना असा एखादा भाग काढून ती निकामी करून ठेवणे सक्तीचे होते. आमच्या १९४४ च्या जीपला मूळची दांडीच असणार. किल्ली कुठल्यातरी गॅरेजने नंतर बसवली.

मी म्हटले, दांडी बसवू, अस्सल दिसेल. आजोबांनाही मोह झाला होता हे मला दिसत होते. पण शेडला दार नाही आणि गल्लीतली पोरे दिवसभर जीपमध्ये बसून लढाया लढतात. दांडी पाचव्या वर्षाचे मूलही फिरवेल. पायाचे बटण दाबले आणि गाडी गिअरमध्ये असली तर ती पुढे उडी मारेल. किल्लीच ठेवायची ठरली. अट एवढीच की डॅशबोर्डचे भोक वाढवायचे नाही, म्हणजे पुढे कोणाला दांडी बसवायची झाली तर बसवता येईल.

या अटीमुळे पहिल्या दुकानातला स्विच परत गेला. “कानस मारा, बसेल,” दुकानदार म्हणाला. आजोबा म्हणाले, “भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.” दुसऱ्याचे माप बरोबर होते, पण किल्ली लोण्यासारखी फिरत होती. मला तेच चांगले वाटले. आजोबांनी तोही नाकारला, आणि कारण सांगताना त्यांनी एक उदाहरण दिले, ते मी नंतर वाचून काढले.

स्विच जागच्या जागी राहावा म्हणून त्यात स्प्रिंग आणि गोळी किंवा खिटी असते, तिच्यामुळे ‘टक्’ असा थांबा जाणवतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने इग्निशन स्विचमुळे गाड्या परत बोलवायला सुरुवात केली. थोड्याच आठवड्यांत त्यांची संख्या सुमारे २६ लाखांवर गेली. त्या स्विचमधली खिटी पुरेशा जोराने धरत नव्हती. किल्लीला जड जुडगा असला, गाडीला हादरा बसला किंवा गुडघा लागला, की किल्ली चालत्या गाडीत ‘चालू’वरून मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि सर्वांत वाईट म्हणजे एअरबॅग उघडत नसत. कंपनीच्या नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. मधल्या काळात खिटी बदलली गेली होती, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला होता. त्यामुळे जुन्या गाड्या बंद पडतात आणि नव्या का नाहीत, हे शोधणाऱ्यांना बराच काळ उमगले नाही. आजोबा वर्कशॉपमध्ये असते तर क्रमांक न बदलणाऱ्याला त्यांनी काय ऐकवले असते याची मला चांगली कल्पना आहे.

तिसरा स्विच घट्ट होता, थांबा स्पष्ट होता, आणि किल्ली फक्त ‘बंद’वर निघत होती. बसवण्याआधी घरीच मल्टिमीटर लावून पन्नास वेळा फिरवला. निम्म्या वेळा मी झटक्याने, निम्म्या वेळा आजोबांनी सावकाश. प्रत्येक वेळी टिचकी मारून पाहिले. मग वायरी चित्राप्रमाणे लावल्या. अँमीटरकडून येणाऱ्या टोकावर रबरी टोपी चढवली, कारण किल्ली बंद असली तरी ते टोक सदा जिवंत असते आणि आमच्या जीपमध्ये त्या वायरीला फ्यूज नव्हता. मागचा पत्रा बोटभर अंतरावर. आता तिथे फ्यूज घातला आहे. अस्सलपणाला तेवढा बट्टा चालेल असे दोघांनी ठरवले.

शेवटी बॅटरीची तार जोडली, बॉडीची सर्वांत शेवटी. किल्ली चालू केली, पॉइंट मिटलेले होते म्हणून अँमीटरचा काटा किंचित उणेकडे झुकला. बंद केली, काटा सरळ. इंजिन सुरू करून किल्ली हलवून, ओढून पाहिली. इंजिन अडखळले नाही, किल्ली निघाली नाही. मग व्होल्टवर मल्टिमीटर लावून स्विचच्या दोन टोकांमधला फरक मोजला. चांगल्या स्विचमध्ये तो व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असावा. एवढा जुगाड करून जुना स्विचही पुन्हा जोडून मोजला, तर तो सव्वा व्होल्ट खात होता. पावसाळ्यात गाडी उशिरा सुरू व्हायची त्याचे खापर आम्ही इतकी वर्षे कार्बोरेटरवर फोडत होतो.

नव्या किल्लीला जुडगा नाही. पूर्वी तिच्याबरोबर कपाटाची, गोदरेजची, माळ्याच्या कुलपाची किल्ली आणि पितळी गणपती लोंबायचा. गणपती आता शेडच्या खुंटीवर आहे.

आजोबा अजूनही रोज हँडल मारतात, आजीचा विरोध आहे तरी. फक्त आता आधी किल्ली माझ्या हातात देतात आणि मी कॉइलच्या टोकाला वायर लावलेला बारीक बल्ब धरतो, त्याचे दुसरे टोक बॉडीला. बल्ब लागला नाही की “क्लिअर” असे ओरडायचे. मग अंगठा बाजूला आणि पहिला फेरा वर.